फलकांची चलनवाढ

रविवार, १५ जून २०२५ रोजी दुपारी मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार माणसे मृत्युमुखी पडली. पन्नासांहून अधिक जखमी झाली. पूल सुमारे तीस वर्षांचा. शेतकऱ्यांना नदी ओलांडता यावी म्हणून तो बांधलेला होता. पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी नदीचे पाणी पाहायला लोटणारी गर्दी पेलणे हे त्याचे काम कधीच नव्हते. दुर्घटनेनंतरच्या चार दिवसांत एक वाक्य सर्वत्र ऐकू आले : पूल धोकादायक असल्याचा फलक तर तेथे होता. शासकीय गोटात या वाक्याचा अर्थ 'आमचे काम आम्ही केले होते' असा होता, तर घरोघरच्या चर्चेत 'लोकांना अक्कल नाही' असा. कोणताही अर्थ घेतला तरी विषय तेथे संपत होता.

वस्तुतः विषय तेथूनच सुरू होतो. फलक होता आणि पूलही मोकळा होता. नव्या पुलासाठी निधी मंजूर झालेला होता, परंतु तोवर जुन्यावरून माणसे जात होती, दुचाकी वाहने जात होती. म्हणजे नदीकाठी आलेल्या माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी सांगितल्या जात होत्या. फलक म्हणत होता, जाऊ नका. मोकळा पूल म्हणत होता, या. या दोहोंपैकी त्याने पुलावर विश्वास ठेवला. त्याला अडाणी ठरवण्यापूर्वी, असा विश्वास ठेवण्याची सवय त्याला कोणी लावली, याचा विचार करणे आवश्यक आहे.

सह्याद्रीतल्या एखाद्या नावाजलेल्या गडाची वाट धरावी. पायथ्याशी वनखात्याचा फलक असतो, ग्रामपंचायतीचा असतो, पोलिसांचा असतो. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक १९५८ च्या कायद्याचा हवाला देऊन दोन वर्षांच्या कैदेची आणि एक लाख रुपये दंडाची जाणीव देतो. पुढे कडा असेल तेथे 'सावधान' असते आणि कडा नसेल तेथेही 'सावधान' असते. दरड कोसळण्याची शक्यता, पाय घसरण्याची शक्यता, माकडांचा उपद्रव, कचरा टाकू नये, मद्यपान करू नये, गडाचे पावित्र्य राखावे, स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जावे. काही फलकांच्या तळाशी एखाद्या पुढाऱ्याचे हात जोडलेले छायाचित्र आणि 'सौजन्य' ही असते. धोक्यातही सौजन्य असावे, ही महाराष्ट्राची खास देणगी म्हणावी लागेल. या साऱ्या गर्दीत कोठेतरी एक फलक मधमाश्यांविषयी असतो. कड्याला आग्या मोहोळ आहे, धूर करू नये, उग्र वासाची अत्तरे लावून येऊ नये, असे तो सांगतो. गडांवर माश्या उठून माणसे जखमी होण्याच्या घटना वारंवार घडतात, आणि हा एक फलक तरी प्रत्येकाने वाचावा असा असतो. तो वाचला जात नाही. अकरा फलक न वाचता पुढे आलेला माणूस बाराव्याशी थांबण्याचे काही कारण नसते.

स्वस्त माल

एवढे फलक का लागतात? सरळ उत्तर असे की, फलक हा जगातला सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय आहे. कड्याला कठडा बांधायचा तर अंदाजपत्रक हवे, निविदा हवी. धबधब्याशी पावसाळ्याचे चार महिने दोन माणसे उभी करायची तर त्यांचा पगार हवा. पूल बंद करायचा तर पलीकडच्या वस्तीला दुसरा रस्ता द्यावा लागतो. फलकाला मात्र एक पत्रा, दोन खांब आणि रंगाचा डबा एवढेच लागते. आणि तो उभा राहिला की एक मोठे स्थित्यंतर घडते. काल जी जबाबदारी कार्यालयाची होती ती आज वाटसरूची होते. रंगाच्या डब्याच्या किमतीत एवढे हस्तांतर दुसऱ्या कोणत्याही व्यवहारात शक्य नाही.

येल विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक गुइडो कॅलब्रेसी यांनी १९७० साली 'द कॉस्ट्स ऑफ ॲक्सिडेंट्स' या ग्रंथात अपघातांचा विचार अर्थशास्त्राच्या अंगाने मांडला. अपघात टाळणे ज्याला सर्वांत कमी खर्चात शक्य आहे त्याच्यावर अपघाताचा भार टाकावा, म्हणजे तो आपणहून टाळण्याच्या खटपटीला लागेल, असे त्यांच्या मांडणीचे एक मुख्य सूत्र आहे. आपल्याकडे हा भार कोठे पडतो ते पाहावे. कुंडमळ्याच्या मृतांच्या वारसांना शासनाने प्रत्येकी पाच लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. ते देणे योग्यच होते. परंतु असा पैसा शासनाच्या सामायिक तिजोरीतून जातो. पूल ज्याच्या अखत्यारीत असतो त्या कार्यालयाच्या पुढच्या वर्षीच्या तरतुदीतून एक रुपयाही त्यासाठी वळता होत नाही. त्या कार्यालयाच्या दृष्टीने अपघाताची किंमत एकच असते, ती म्हणजे चौकशी. चौकशीत पहिला प्रश्न 'फलक लावला होता काय' हा असतो, आणि त्याचे होकारार्थी उत्तर छायाचित्रासह फायलीत तयार ठेवता येते.

फलक कमी लावल्याबद्दल अधिकाऱ्याला जाब विचारला जाऊ शकतो. जास्त लावल्याबद्दल आजवर कोणालाही विचारलेला नाही. एकीकडे दंड आणि दुसरीकडे काहीच नाही, अशी स्थिती असली की कोणताही शहाणा माणूस काय करील, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

तांब्याची नाणी

इशारा हे एक प्रकारचे चलन आहे. त्याचे मोल त्याच्या विरळपणात असते. 'धोका' हा शब्द जेथे खरोखरच जीव जाण्याची शक्यता आहे तेवढ्याच ठिकाणी लिहिला, तर त्याला सोन्याच्या मोहरेचे वजन येते. प्रत्येक वळणावर लिहिला की तो खुर्दा होतो. देवगिरीचे दौलताबाद करणाऱ्या महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात चांदीच्या नाण्याच्या मोलाने तांब्या-पितळेची नाणी चालवण्याचा प्रयोग केला. कल्पना अगदीच मूर्खपणाची नव्हती. आजचा कागदी रुपया त्याच तत्त्वावर चालतो. फसले ते टांकसाळीवर ताबा नसल्यामुळे. घरोघरी नाणी पडू लागली आणि बाजारात ती कोणी घेईना. इशाऱ्यांच्या टांकसाळीवर आज असाच कोणाचाही ताबा नाही. एकाच वाटेवर पाच-सहा खाती, दोन-तीन मंडळे आणि एखादी हौशी संस्था आपापले नाणे पाडीत असतात. कोणते खरे, हे ठरवण्याचे काम दम लागलेल्या वाटसरूकडे असते.

खुर्दा होण्याची प्रक्रिया शासकीय आदेशांत अधिक स्पष्ट दिसते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यानंतर पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले. पावसाळ्यात असे आदेश आता अनेक जिल्ह्यांत नेमाने निघतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली निघतात. या आदेशांचा मजकूर पाहण्याजोगा असतो. खोल पाण्यात उतरू नये, धबधब्याच्या धारेखाली बसू नये, धोक्याच्या जागी छायाचित्रे काढू नयेत. त्याच यादीत मद्य बाळगू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत, प्लास्टिक टाकू नये, वाहने बेदरकारपणे हाकू नयेत. यांतले प्रत्येक कलम रास्त आहे. परंतु बुडून मरणे आणि प्लास्टिकची पिशवी टाकणे या दोन गोष्टी एकाच यादीत, एकाच टाइपात आल्या की वाचणाऱ्याच्या मनात त्यांचे वजन सारखे होते. आणि दुर्दैव असे की, हे वजन नेहमी पिशवीच्या पातळीवर सारखे होते. भुशीच्या मागे जे घडले त्याचे कारण मात्र कोणत्याही यादीत सापडत नाही. घाटमाथ्यावर सर कोसळली की खालच्या ओढ्याचे पाणी काही मिनिटांत चढते. जेथे माणूस उभा असतो तेथे त्या वेळी पाऊस असेलच असे नाही. हे एक वाक्य पन्नास निषेधांपेक्षा अधिक उपयोगी आहे.

या आदेशांना एक मर्यादा तरी आहे. कलमाखालचा आदेश, राज्य शासनाने मुदत वाढवली नाही तर, दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. तो संपतो, त्याच्या आधाराने लावलेला फलक खांबावर तसाच राहतो आणि एप्रिलच्या उन्हात कोरड्या ठणठणीत खडकाकडे बोट दाखवून 'पाण्यात उतरू नये' असे सांगत राहतो.

न्यायालयांचा अनुभव

हा रोग केवळ आपला नाही, आणि ज्या देशांत तो आधी बळावला तेथला अनुभव बोधप्रद आहे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील रॉटनेस्ट बेटावर १९७७ साली एका माणसाने समुद्रात सूर मारला, पाण्याखालच्या खडकावर तो आदळला आणि कायमचा पंगू झाला. बेटाच्या व्यवस्थापनाने खडकांबद्दल इशारा द्यायला हवा होता, असा निर्णय तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली दिला. ज्या दंडाच्या भीतीचा वर उल्लेख केला ती येथे नुसत्या चौकशीची नव्हती, मोठ्या नुकसानभरपाईची होती. ज्या नगरपालिकेच्या हद्दीत समुद्र, नदी, कडा वा खडक आहे, तिने यातून कोणता बोध घ्यावा हे उघड होते. पुढे न्यू साउथ वेल्स राज्याने २००२ च्या कायद्याने, जो धोका उघड्या डोळ्यांना दिसतो त्याबद्दल इशारा देण्याचे बंधन काढून टाकले. आणि खडकावरून सूर मारण्याच्याच दुसऱ्या एका खटल्यात २००५ साली त्याच न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी नगरपालिकेला जबाबदार धरण्याचे नाकारले. चार विरुद्ध तीन, हे ध्यानात घ्यावे. प्रश्न सोपा नव्हता.

इंग्लंडमधले उदाहरण याहून बोलके आहे. चेशायर परगण्यात काँगलटनजवळ वाळूच्या जुन्या खाणीत पाणी साचून एक तलाव झाला आहे आणि भोवती सार्वजनिक उद्यान आहे. तलावात पोहण्यास मनाई करणारे, पाणी धोकादायक असल्याचे सांगणारे फलक तेथे होते. उन्हाळ्यात शेकडो लोक त्या फलकांसमोर पाण्यात उतरत. कोणी जुमानत नाही हे पाहून नगरपालिकेने ठरवले की, काठची वाळूच मातीने झाकून टाकावी आणि त्यावर झुडपे लावावीत, म्हणजे पाण्यापर्यंत कोणाला जाताच येणार नाही. पैशाअभावी काम रेंगाळले. १९९५ च्या मे महिन्यात अठरा वर्षांच्या एका तरुणाने उथळ पाण्यात बुडी घेतली आणि त्याची मान मोडली. खटला लॉर्डांच्या सभागृहापर्यंत गेला. खालच्या अपील न्यायालयाने नगरपालिकेला अंशतः जबाबदार धरले होते. २००३ साली लॉर्ड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो निर्णय फिरवला. धोका उघड होता, एवढेच त्यांनी म्हटले नाही. वाळूत खेळणारी मुले आणि त्यांचे आईबाप यांचा निरुपद्रवी आनंद, काही बेजबाबदार माणसांना वाचवण्यासाठी हिरावून घ्यावा काय, असा प्रश्न हॉफमन यांनी उपस्थित केला आणि त्या हिरावण्यालाही सामाजिक किंमत असते, हे तराजूत घातले. तीन वर्षांनी, २००६ च्या कायद्याने, हा विचार सर्वच न्यायालयांसाठी लिहून ठेवण्यात आला.

तलावाच्या या कथेतला सर्वांत महत्त्वाचा दुवा निकालात नाही, त्याआधीच्या ठरावात आहे. फलक निकामी ठरले तेव्हा नगरपालिकेला पुढची पायरी म्हणून, जागाच नष्ट करावी, हे सुचले. आपल्याकडेही क्रम तोच आहे. आधी फलक, मग आणखी फलक, मग अवघ्या परिसरात प्रवेशबंदी. बंदी झाली की पायथ्याच्या गावांत भाकरी-पिठले, भजी, कणसे, मडक्यातले दही विकून वर्षाची बेगमी करणाऱ्या बायकांचा हंगाम बुडतो. ती किंमत कोणत्याही आदेशाच्या मसुद्यात धरलेली नसते, कारण ती मोजायला कोणी बसत नाही.

वाटेचे नाव

याचा अर्थ इशारा नकोच असा कोणी काढू नये. डोंगर, नदी, समुद्र यांच्या सान्निध्यात वाढलेला माणूस आणि आठवडाभर कार्यालयात बसून रविवारी गडावर येणारा माणूस यांत फरक आहे. दुसऱ्याला सांगावे लागते. आणि असे लोक आता बहुसंख्य आहेत. प्रश्न काय सांगावे हा आहे. जुन्या लोकांनी तेही केलेले होते, फलकांवाचून. कर्जत तालुक्यातल्या खांडसहून भीमाशंकरला दोन वाटा जातात. एक गणेश घाट, दुसरी शिडी घाट. पहिली लांबची आणि सोपी, दुसरी जवळची, उभी, शिड्यांची. पावसाळ्यात ती टाळावी असे गावातला कोणीही सांगतो. सह्याद्रीत बैलघाट आहेत, नाळेच्या वाटा आहेत, निसणीच्या वाटा आहेत. बैलघाट म्हटले की लादलेला बैल चढू शकतो एवढी ती वाट सरळ असणार. निसणी म्हटले की हातापायांनी चढावे लागणार. या नावांत निषेध नाही, माहिती आहे. निवड ज्याची त्याने करायची आहे.

किनाऱ्यावरही असेच होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ निघते, हा हिशेब कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ज्या वयात हा पाऊणकीचा हिशेब खेळासारखा शिकता येतो त्या वयाच्या मुलांना तो शाळेत किंवा महाविद्यालयात कोणी शिकवीत नाही. त्या दुर्घटनेनंतर शालेय सहलींसाठी लांबलचक नियमावली मात्र आली, आणि समुद्र, नदी, डोंगर शक्यतो टाळावेत असाच तिचा एकूण रोख होता. सहलीची जबाबदारी अंगावर घेणाऱ्या शिक्षकाची अवस्था येथे फलक लावणाऱ्या अधिकाऱ्याहून वेगळी राहत नाही. न नेल्याबद्दल त्याला कोणी दोष देत नाही. परिणामी मुले जातात ती शिक्षकांवाचून जातात, आपल्या आपण, रविवारी, दुचाकीवर. पाणी कसे वाचावे, शेवाळलेला खडक पायाने कसा चाचपावा, धुके आले तर कोठे थांबावे, ही विद्या भांडवलासारखीच आहे. वापरात नसली की झिजते, आणि एका पिढीने साठवली नाही तर पुढच्या पिढीला वारशात मिळत नाही.

रेल्वेची रीत

इशारा जिवंत ठेवण्याच्या रीती अज्ञात नाहीत. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक नेमलेले आहेत. पोहण्यास योग्य पट्टा ते लाल-पिवळ्या निशाणांनी आखतात आणि धोक्याच्या जागी लाल निशाण लावतात. निशाणाचा गुण असा की, समुद्र पालटला की ते हलवता येते, आणि ते हलवणारा माणूस तेथे उभा असतो. आजचे निशाण आजच लावलेले आहे, हे पाहणाऱ्याला कळते. पत्र्याच्या फलकाकडे पाहून तो गेल्या आठवड्यातला की दहा वर्षांपूर्वीचा, हे कळत नाही.

त्याहून जवळचे उदाहरण रेल्वेचे आहे. रूळ किंवा पूल कमकुवत झाला की गाडीच्या चालकाला लेखी सावधगिरीचा आदेश दिला जातो. कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, ताशी किती वेगाने, हे त्यात लिहिलेले असते. 'सावधान, पुढे धोका आहे' एवढेच लिहिलेला आदेश कोणताही चालक स्वीकारणार नाही. रुळाच्या कडेला वेगमर्यादेची पाटी असते आणि मर्यादा जेथे संपते तेथे तसे सांगणारी दुसरी पाटी असते, प्रवासी गाडीसाठी वेगळी, मालगाडीसाठी वेगळी. धोका येथे संपला, असे सांगणारी पाटी सह्याद्रीतल्या वाटेवर शोधून सापडणार नाही. या व्यवस्थेचे मर्म पुन्हा हिशेबातच आहे. गाडी मंदावली की वेळापत्रक बिघडते, आणि ते नुकसान रेल्वेचे स्वतःचे असते. त्यामुळे इशारा देणाऱ्यालाच तो काढून टाकण्याची घाई असते.

गडांच्या आणि धबधब्यांच्या फलकांना हीच रीत लावायला मोठ्या निधीची गरज नाही. फलकावर तो लावल्याची तारीख, लावणाऱ्या कार्यालयाचे नाव आणि मुदत संपण्याचा दिवस असावा. धोका कोणता आणि कोणत्या महिन्यात, हे लिहावे. कचऱ्याचा आणि पावित्र्याचा मजकूर दुसऱ्या खांबावर न्यावा. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या यादीत महाराष्ट्रातले अकरा किल्ले आले आणि त्यांच्या पायथ्याशी नव्या फलकांची लाट येणे क्रमप्राप्त आहे. ती येण्यापूर्वी, मे महिन्यात, एखाद्या वनपालाने आणि एखाद्या ग्रामसेवकाने निदान एका गडाची वाट पायी चालून, कोणते फलक उपटून काढायचे याची यादी करावी. त्या यादीवर सही कोणी करायची, एवढाच प्रश्न मग उरतो.